न वाचता केलेली सही : बेळगावच्या पश्चिम भागातील एका गांजा-प्रकरणाचा अभ्यास

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची ही गावे मागे टाकून शिनोळीजवळ महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यात शिरतो. या पट्ट्यात तांबडी जमीन आहे, पावसाळ्यात भात आणि रताळी होतात, आणि शेतीवर भागत नाही म्हणून घरातला एखादा तरी उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला जातो. ज्या गावाविषयी येथे लिहीत आहे ते याच पट्ट्यातले आहे. गावाचे, माणसांचे आणि पोलीस ठाण्याचे नाव मी देत नाही, कारण खटला अजून न्यायालयात आहे आणि ज्याच्यावर तो चालू आहे त्या मुलाचे सगळे आयुष्य पुढे आहे. मराठी शाळेत तीस वर्षे शिकवल्यामुळे आणि नोकरीच्या गरजेने कन्नड लिहायला-वाचायला शिकल्यामुळे गावातले कन्नड कागद माझ्याकडे वाचायला येतात, आणि हे प्रकरणही तसेच माझ्या ओट्यावर आले.

2024 च्या ऑक्टोबरात, रताळी काढणीच्या दिवसांत, गावाबाहेरच्या मोरीवर संध्याकाळी तीन मुले बसली होती. पोलिसांची गाडी आली तेव्हा दोघे उसाच्या फडातून पळाले आणि वीस वर्षांचा तिसरा सापडला. त्याच्या पँटच्या खिशात प्लास्टिकच्या पुडीत सुमारे 40 ग्रॅम गांजा मिळाला, असे महजर सांगतो. पंचनाम्याला आमच्या भागात महजर हाच कन्नड कागदावरचा शब्द रूढ झाला आहे. मुलगा सकाळी पाचला उठून याच रस्त्यावर धावण्याचा सराव करीत असे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात असल्याने सैन्यभरती हे इथल्या शेतकऱ्याच्या घरातले पिढीजात स्वप्न आहे, आणि भरतीच्या वयाचे त्याचे शेवटचे काही महिने उरले होते.

मुलगा जामिनावर सुटून घरी आल्यावर त्याचे वडील झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, हे जरा वाचून सांगा. पोरग्यानं कशाकशावर सई केलंय ते मलाबी कळंना, त्यालाबी कळंना," असे ते म्हणाले. मी एकेक पान मराठीत सांगत गेलो. मुलाची देवनागरीतली सही एकूण सहा ठिकाणी होती आणि सहाही ठिकाणी तिच्या वरचा मजकूर कन्नडमध्ये होता. त्यातले एक पान फार महत्त्वाचे होते. तुमच्या अंगाची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे, असे त्यावर लिहिले होते, आणि त्याखाली मुलाच्या तोंडी उत्तर होते की तशी गरज नाही, तुम्हीच झडती घ्या. हे पान वाचले तेव्हा मुलगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "असं कोण विचारलंच नाही, मास्तर. इथं सई कर म्हटले, केलो."

मुलाचे म्हणणे खरे की कागदाचे, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. ठाण्यातल्या उपनिरीक्षकांना मी नंतर भेटलो तेव्हा, तोंडी हिंदीत समजावून सांगितले होते, असे ते म्हणाले, आणि तेही शक्य आहे. परंतु अमली पदार्थविरोधी कायद्याचे, म्हणजे 1985 च्या एनडीपीएस कायद्याचे कलम 50 ही केवळ औपचारिकता नाही. संशयिताला त्याचा हा हक्क सांगणे बंधनकारक आहे आणि ते कसोशीने पाळले गेले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये विजयसिंह चंदुभा जडेजा खटल्यात स्पष्ट केले आहे. हक्क सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याला समजेल असे सांगणे. स्थानबद्धतेची कारणे संबंधित माणसाला कळणाऱ्या भाषेत दिली गेली पाहिजेत, हे तर सर्वोच्च न्यायालयाने हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1962 मध्येच सांगितले होते. सीमाभागात मराठी कागदाची मागणी केली की ती लगेच सीमाप्रश्नाच्या खात्यात टाकली जाते. या प्रकरणात तसे करणे चूक ठरेल. कन्नड न येणाऱ्या मराठी मुलावर कन्नडमध्ये जे गुदरले तेच मराठी न येणाऱ्या कन्नड मुलावर हद्दीपलीकडे गुदरले असते, आणि दोन्ही वेळा नुकसान मुलाचे आणि तपासाचेही झाले असते, कारण अशाच पानावर चांगले खटले ढासळतात.

कायद्यात गांजाचे प्रमाण 1 किलोपर्यंत असेल तर ते अल्प, 20 किलोच्या वर असेल तर व्यापारी, आणि मधले ते मध्यम, अशी विभागणी 2001 च्या अधिसूचनेने झाली आहे. अल्प प्रमाण बाळगल्यास कमाल एक वर्ष सक्तमजुरी किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पकडलेला गांजा 40 ग्रॅम होता, म्हणजे अल्प प्रमाणाच्याही पंचविसाव्या भागाइतका. मुलाला जामीन मिळाला आणि तो आठ दिवसांत घरी आला. शिक्षा काय व्हायची ती पुढे होईल. पण गुन्हा नोंदला गेल्याची शिक्षा त्याच आठवड्यात सुरू झाली. फौंड्रीच्या ठेकेदाराने त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितले. भरतीला चारित्र्य पडताळणी लागते, ती आता होणार नव्हती. तो पहाटे उठायचा थांबला.

वकिलांनी एक वाट दाखवली. कलम 64-अ असे सांगते की, अल्प प्रमाणाच्या प्रकरणातील व्यसनी व्यक्तीने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि पूर्ण केले, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. याखेरीज कलम 39 प्रमाणे दोषी ठरल्यावरही न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. ही कलमे पुस्तकात कितीतरी वर्षे आहेत, पण आमच्या भागात ती कोणाला कोणी समजावून सांगितल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. मीही ती तेव्हाच प्रथम वाचली, आणि शिक्षक म्हणून याची मला खंत वाटते.

मुलाचे वडील मात्र या वाटेला तयार होईनात, आणि त्यांची हरकत मला आजही खोडता येत नाही. खटल्यातून सुटण्यासाठी मुलगा 'व्यसनी' आहे असे कागदावर यावे लागणार होते. "केस आज ना उद्या सुटंल. पण गंजेटी म्हणून सरकारी दवाखान्यात नाव लागलं तर ह्याला पोरगी कोण देणार?" असे ते म्हणाले. आई पदराने डोळे पुसत आत गेली. कायद्याची गाठ नेमकी येथे आहे. जो पुरता व्यसनाधीन झाला आहे त्याला उपचाराचे दार उघडे आहे, पण ज्याने मित्रांबरोबर दोन-चारदा झुरका मारला त्याला ते दार नाही, कारण तो कायद्याच्या अर्थाने व्यसनी नाही. त्याच्यासाठी फक्त खटला आहे. ज्याला सर्वांत सहज सावरता येईल त्याच्यासाठीच कायद्याने सावरण्याची सोय ठेवलेली नाही, आणि धोरणात पहिली दुरुस्ती करायची असेल तर ती येथे झाली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. या मुलाच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवला नाही, कारण रोज कामावरून आल्यावर दीड वर्ष तो ओढत होता, हे त्याने शेवटी आपल्या थोरल्या बहिणीला सांगितले. बहिणीनेच वडिलांना राजी केले आणि तिनेच त्याला बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नेले. तिथून त्यांना धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेचा, ज्याला सगळे डिमहान्स म्हणतात, पत्ता मिळाला. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, सकाळची बस, दिवसभराची रजा आणि सोबत एक माणूस, असा प्रत्येक खेपेचा हिशेब होता.

एव्हाना गावात देवळासमोर बैठक झाली. देवस्थान पंच कमिटीने बोलावली होती, पण बायका मोठ्या संख्येने आल्या आणि बैठकीचा रंग त्यांनी बदलला. पंचांचा ठराव असा होता की गावातला जो पोरगा गांजा ओढताना सापडेल त्याच्या घरावर दंड बसवावा आणि यात्रेत त्या घराचा मान काढून घ्यावा. युवक मंडळातली काही मुले, आम्हीच मोरीवर गस्त घालून एकेकाला चोप देतो, म्हणत होती. तेव्हा मागे बसलेली एक मावशी उठली. तिचा नवरा दारूने गेला, हे सगळ्यांना माहीत होते. ती म्हणाली, "गांजाची पुडी धरलासा ती चांगलंच झालं. पण गोव्याची दारू पिशवीनं घरपोच येतीया ती कोण धरणार? आणि पुडी इकणारा शाळेच्या वाटेवर गाडी लावून उभा ऱ्हातोय, त्येला सगळ्यांनी बघितलंय. त्येचं नाव का घेईना कोण?" त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

तिचे म्हणणे आकड्यांनाही धरून होते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आढळले, तर गांजा-चरस वापरणारे सुमारे 1.3 कोटी. याचा अर्थ गांजा निरुपद्रवी आहे असा नाही. वाढत्या वयात त्याने डोक्यावर काय परिणाम होतो हे त्या घराने पाहिले आहे: मुलगा शून्यात बघत बसायचा आणि हाक मारली तर दचकायचा. पण गावाची सुरक्षितता म्हणजे काय, हा प्रश्न बायकांनी जितका नीट मांडला तितका तो कोणत्याही सरकारी कागदात मला दिसला नाही. त्यांना हवे होते ते एवढेच की मुलींना संध्याकाळी शिकवणीहून परतताना मोरीवरून निर्धास्त जाता यावे, आणि पुडी विकणाऱ्याची गाडी शाळेच्या वाटेवरून कायमची हटावी.

बैठकीला बंगळूरहून आलेला गावचाच एक इंजिनीअर होता. पोर्तुगालने 2001 मध्ये स्वतःपुरते अमली पदार्थ बाळगणे गुन्ह्याच्या यादीतून काढले आणि पकडलेल्याला न्यायालयाऐवजी समुपदेशकांच्या मंडळापुढे उभे करायला सुरुवात केली, आपणही तसेच करावे, असे तो म्हणाला. मुद्दा चांगला होता, पण अपुरा होता. तिथेही विक्री हा गुन्हाच राहिला आणि उपचाराची व्यवस्था बरोबरीने उभी केली गेली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2020 च्या मतदानानंतर तशीच सूट दिली, पण उपचाराची सोय वेळेवर उभी राहिली नाही आणि उघड्यावरच्या नशेची ओरड झाली, तेव्हा 2024 मध्ये त्यांनी ती मागे घेतली. धारवाडला जायला सकाळची बस धरावी लागणाऱ्या गावात नुसती सूट देऊन काय होईल, हे मी त्याला विचारले. त्याने ते मान्य केले, आणि आमचे त्यानंतरचे बोलणे अधिक कामाचे झाले.

आता त्या मावशीच्या प्रश्नाकडे येतो. विकणाऱ्याचे नाव कोणी का घेत नव्हते? भीती विकणाऱ्याची होती, पण त्याहून जास्त ती ठाण्याची होती. नाव सांगितले तर जबाब द्यावा लागेल, तो कन्नडमध्ये लिहिला जाईल, त्यावर सही करावी लागेल, आणि मग काय लिहिले होते ते न्यायालयात उभे राहिल्यावर कळेल, हे गावाने नुकतेच पाहिले होते. महजराला पंच, म्हणजे साक्षीदार, म्हणून उभे राहिले तर चार-पाच वर्षे तारखा चालतात आणि प्रत्येक तारखेला रोजगार बुडतो. या मुलाच्या महजरावरचे दोन्ही पंच आमच्या गावचे नाहीत, याचेही मूळ तेथेच आहे; गावातले कोणी तयार झाले नाही, हे उपनिरीक्षकांचे म्हणणे मला खरे वाटते. 40 ग्रॅमच्या सहा सह्यांनी पोलिसांच्या खात्यावर एक गुन्हा जमा झाला आणि त्याच सह्यांनी गावातून मिळू शकणारी पुढची खबर बंद केली. माझ्या मते या प्रकरणाचे सार एवढेच आहे. आरोपीचे हक्क पाळले तर गुन्हेगार सुटतात असे म्हटले जाते. येथे आरोपीचा हक्क नीट न पाळल्यामुळे खरा विक्रेता शाळेच्या वाटेवर उभा राहिला.

हद्दीचाही भाग यात होता. विक्रेता संध्याकाळी आमच्याकडे आणि रात्री चंदगडच्या बाजूला असे. पाठलाग करून दुसऱ्या राज्यात अटक करण्याची मुभा आपल्या कायद्यात आहे, पण पाठलाग करायला आधी कोणीतरी वेळेवर सांगावे लागते. पलीकडच्या गावांत 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याखाली आजही पोलीस पाटील आहे. आमच्याकडे 1956 पर्यंत, मुंबई राज्यात असताना, तो होता. पुढे म्हैसूर राज्याच्या 1961 च्या कायद्याने गावचे वंशपरंपरागत हुद्दे गेले आणि त्याबरोबर पाटीलकीही गेली. ती गेली हे योग्यच झाले, कारण एका घराण्याच्या हाती गावाचा न्याय असणे बरे नव्हते. पण ज्याच्या ओट्यावर जाऊन दबक्या आवाजात दोन गोष्टी सांगता येतात असा माणूस त्या जागी पुन्हा आलाच नाही. कर्नाटकाने बीट पोलिसांकडे, म्हणजे ठराविक भाग नेमून दिलेल्या शिपायांकडे, ती जबाबदारी दिली आहे आणि 2025 मध्ये 'मने मनेगे पोलीस', म्हणजे घरोघरी पोलीस, हा उपक्रमही सुरू केला. उपक्रम चांगला आहे. मात्र आमच्या ठाण्यात दोन वर्षांत तीन उपनिरीक्षक बदलले, आणि बीटचा शिपाई ओळखीचा होईपर्यंत त्याची बदली झाली. ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षे हलवू नये, तपास आणि बंदोबस्त वेगळे करावेत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात व जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सांगितले. कर्नाटकाने 2012 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. आमच्या बैठकीला आलेल्या दीडशे-दोनशे माणसांत त्याचे नाव ऐकलेला एकही नव्हता. जी सुधारणा ज्याच्यासाठी केली त्याच्या कानावरच जात नाही, ती कागदावरच राहते, यात पोलिसांइतकेच आम्ही शिकलेले लोकही जबाबदार आहोत.

त्या बैठकीत दंडाचा आणि चोप देण्याचा, दोन्ही ठराव मागे पडले. त्याऐवजी एक अर्ज लिहायचे ठरले. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार घटनेच्या कलम 350 ने प्रत्येकाला दिला आहे, म्हणून अर्ज मराठीत लिहिला आणि समजायला सोपे जावे म्हणून सोबत कन्नड भाषांतर मी स्वतः जोडले. त्यात मागण्या साध्या होत्या. मराठी माणसाचा जबाब किंवा महजर त्याला मराठीत वाचून दाखवल्याची नोंद त्यावर असावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडतीचे चित्रीकरण व्हायचेच आहे, तर त्यात हे वाचून दाखवणेही यावे. अल्प प्रमाणात सापडलेल्या मुलाच्या घरच्यांना उपचाराच्या कलमाची माहिती ठाण्यातच दिली जावी. शाळा सुटताना आणि शिकवणी सुटताना बीटच्या शिपायाची फेरी मोरीवर असावी.

शेवटची मागणी सगळ्यांत आधी मान्य झाली. नवा आलेला शिपाई गदगकडचा, मराठी जेमतेम समजणारा, पण रोज संध्याकाळी सहाला मोटारसायकल मोरीवर लावून अर्धा तास उभा राहू लागला. बायका त्याला चहा द्यायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या मावशीने त्याला गाडीचा नंबर सांगितला. जबाब नको, सही नको, फक्त नंबर. त्यानंतर ती गाडी आमच्या वाटेवर दिसली नाही. विक्रेता पकडला गेला असे मी म्हणू शकत नाही. तो दुसऱ्या रस्त्याला गेला असणार, आणि तिथल्या गावाची काळजी आता आम्हाला वाटते.

मुलाने उपचार पूर्ण केले. वकिलांनी कलम 64-अ खाली न्यायालयात अर्ज दिला आहे आणि त्यावर अजून तारीख पडते आहे. भरतीचे त्याचे वय निघून गेले. तो आता एका मशीन शॉपमध्ये लेथवर शिकतो, आणि धारवाडला पुढच्या तपासणीला एकटाच जातो.

अर्जाच्या बाकीच्या मागण्यांवर दोन महिन्यांनी उत्तर आले. ते कन्नडमध्ये होते, दोन ओळींचे, योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे एवढेच सांगणारे. देवळासमोर मी ते वाचून दाखवले. मग दुसरा अर्ज तिथेच लिहिला, मोठ्याने दोनदा वाचला, आणि मावशीने तो हातात घेऊन बोटाने ओळ न् ओळ तपासली आणि मगच पहिली सही केली.